नवीकरणीय ऊर्जेचा राष्ट्रीय कायदा आणि जैवभाराची व्याख्या : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

भारतात जैवभार, म्हणजेच बायोमास, हा सर्वांत जुना ऊर्जास्रोत असूनही राष्ट्रीय कायद्यात त्याचा प्रवेश फार उशिरा झाला. तो झाला तोही केवळ वीजनिर्मितीचे इंधन म्हणून. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमापासून २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा अधिनियमापर्यंत ‘बिगर-व्यापारी’, ‘अपारंपरिक’, ‘नवीकरणीय’ आणि ‘बिगर-जीवाश्म’ अशा चार नावांखाली या इंधनाची गणना झाली. संसदेने आधार दिला, परंतु व्याख्या करण्याचे काम खाती, नियामक आयोग आणि न्यायाधिकरणे यांच्याकडे राहिले. या व्याख्यांमध्ये वस्तू आणि यंत्र यांचे वर्णन आहे. ती वस्तू पिकविणारा व वेचणारा माणूस त्यांत नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : जैवभार, नवीकरणीय ऊर्जा, विद्युत अधिनियम २००३, सहवीजनिर्मिती, बगॅस, नवीकरणीय वीज खरेदी बंधन.

प्रस्तावना

कोणत्याही कायद्याचा लाभ कोणाला मिळणार हे बहुतांशी त्या कायद्यातील व्याख्येवर अवलंबून असते. कर, अनुदान, हमीदर किंवा खरेदीची सक्ती यांपैकी कोणताही उपाय योजावयाचा झाल्यास प्रथम तो कशाला लागू होतो हे ठरवावे लागते. ऊर्जेच्या क्षेत्रात हा प्रश्न सूर्य आणि वारा यांच्या बाबतीत सोपा आहे, कारण त्यांचा कोणी मालक नाही आणि त्यांना इंधनखर्चही नाही. जैवभाराचे तसे नाही. उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, भाताचे तूस, जंगलातील काटक्या, गोठ्यातील शेण या प्रत्येक वस्तूमागे जमीन, श्रम आणि वापराची जुनी रीत आहे. शेतकऱ्याच्या घरी ज्याला सरपण म्हणतात, त्यालाच साखर कारखान्यात बगॅस, नियामक आयोगाच्या कागदपत्रांत जैवभार आणि प्राप्तिकर कायद्यात जैवविघटनशील कचरा म्हटले जाते. नावे बदलतात तसे हक्कही बदलतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी लाकूड वापरत होती. सुमारे ९ टक्के कुटुंबे पिकांच्या अवशेषांवर आणि सुमारे ८ टक्के कुटुंबे गोवऱ्यांवर अवलंबून होती. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरही सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांची चूल जैवभारावरच पेटत होती. असे असता राष्ट्रीय ऊर्जाकायद्याने या वस्तूची दखल कधी, कोणत्या शब्दांत आणि कोणासाठी घेतली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

‘ऊर्जा’ म्हणजे वीज

ब्रिटिश अमदानीतील भारतीय विद्युत अधिनियम, १९१० या कायद्यात ‘ऊर्जा’ या शब्दाची व्याख्या विद्युत ऊर्जा अशी केली होती. संदेशवहनाखेरीज अन्य कोणत्याही कामासाठी निर्माण केलेली, वाहून नेलेली, पुरविलेली किंवा वापरलेली वीज म्हणजे ऊर्जा, असा तिचा आशय होता. तत्कालीन कायद्याचा उद्देश शहरांतील वीज कंपन्यांना परवाने देणे आणि सार्वजनिक सुरक्षितता राखणे एवढाच होता. त्यामुळे ही व्याख्या त्या कामापुरती योग्यच होती. परंतु ऊर्जा आणि वीज या दोन शब्दांचे कायद्यात झालेले हे ऐक्य पुढे दीर्घकाळ टिकले.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या विद्युत (पुरवठा) अधिनियम, १९४८ या कायद्याने राज्य विद्युत मंडळांची रचना केली. औष्णिक आणि जलविद्युत प्रकल्पांचा विस्तार हे या मंडळांचे प्रमुख काम झाले. शेतातील काडीकचऱ्याचा संबंध त्या काळी विजेशी येत नव्हता, म्हणून कायद्याशीही आला नाही.

भारतीय संविधानातील विषयवाटपानेही ही विभागणी पक्की केली. वीज हा समवर्ती सूचीतील ३८ व्या नोंदीचा विषय आहे. शेती राज्य सूचीत १४ व्या नोंदीत येते. वने मूळची राज्य सूचीत होती. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली ती समवर्ती सूचीत १७-अ या नोंदीखाली आली. जैवभार शेतात वा वनात निर्माण होतो आणि बॉयलरमध्ये जळून वीज होतो. त्याच्या या प्रवासाचा आरंभ एका सूचीत आणि शेवट दुसऱ्या सूचीत पडतो. संपूर्ण प्रवासाचा विचार करणारा एकच कायदा होणे त्यामुळे अवघड झाले.

नियोजनकारांना मात्र या इंधनाचे महत्त्व ठाऊक होते. १९६५ च्या ऊर्जा सर्वेक्षण समितीने आणि सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालील इंधन धोरण समितीने १९७४ मधील आपल्या अहवालात लाकूड, शेण व शेतीतील अवशेष यांची गणना केली. या गटाला त्यांनी ‘बिगर-व्यापारी’ इंधने असे संबोधले. जे बाजारात विकले जात नाही ते बिगर-व्यापारी, असा या संज्ञेचा अर्थ. तिच्यात एक वास्तव मान्य केलेले होते : हे इंधन मुख्यतः विकत घेतले जात नाही, ते वेचले जाते आणि वेचण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. परंतु ज्याचा व्यवहार होत नाही त्याचे नियमन करण्याची गरज कायद्याला वाटली नाही.

‘अपारंपरिक’ : कायद्याविना धोरण

१९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनी परिस्थिती बदलली. मार्च १९८१ मध्ये केंद्र शासनाने अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोगाची स्थापना केली. १९८२ साली ऊर्जा मंत्रालयात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग निर्माण झाला आणि १९९२ मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालयात रूपांतर झाले. ऑक्टोबर २००६ मध्ये हेच मंत्रालय ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

‘अपारंपरिक’ ही संज्ञा या टप्प्याची खूण आहे. सौरघट किंवा पवनचक्की यांना ती शोभते. परंतु ज्या इंधनावर शतकानुशतके स्वयंपाक झाला त्याला अपारंपरिक म्हणण्यात उघड विसंगती होती. वास्तविक येथे अपारंपरिक होते ते इंधन नसून त्याचे जाळण्याचे तंत्र होते. उच्च दाबाचे बॉयलर, गॅसिफायर आणि सुधारित गोबरगॅस संयंत्रे ही या विभागाची कार्यक्षेत्रे झाली. यांपैकी राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला. पुढे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही हाती घेण्यात आला, परंतु २००२ साली केंद्र शासनाने तो थांबविला. हे दोन्ही उपक्रम घरगुती वापरासाठी होते आणि दोहोंना अनुदान योजनेचा आधार होता, अधिनियमाचा नव्हता. योजना थांबली की तिच्या लाभार्थ्याला दाद मागण्यास जागा नसते, हा फरक महत्त्वाचा आहे.

विजेच्या बाबतीत मंत्रालयाने १९९० च्या दशकात राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे पाठविली. १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून अपारंपरिक स्रोतांपासूनची वीज प्रतियुनिट २ रुपये २५ पैसे दराने घ्यावी आणि हा दर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवावा, असे त्यांत सुचविले होते. ही तत्त्वे बंधनकारक नव्हती. काही राज्यांनी ती स्वीकारली, काहींनी अंशतः स्वीकारली आणि पुढे विद्युत मंडळांची आर्थिक स्थिती खालावल्यावर अनेकांनी दरात बदल केले. केंद्राचा सल्ला आणि राज्याची ऐपत यांच्यामधील हे अंतर कायद्याची उणीव दाखविते.

या काळात संसदेने जैवभाराशी थेट संबंधित अशी एक तरतूद केली, परंतु ती करकायद्यात. १९९८ साली प्राप्तिकर अधिनियमात ८०-जेजेए हे कलम समाविष्ट झाले. जैवविघटनशील कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करणे आणि त्यापासून वीज, जैवखत, इंधनाच्या कांड्या इत्यादी तयार करणे या व्यवसायाच्या नफ्यास या कलमान्वये वजावट मिळाली. केंद्रीय कायद्याने ‘गोळा करणे’ या कृतीचा उल्लेख येथे केला, ही लक्षणीय बाब आहे. मात्र सवलत नफ्यावरील कराची असल्यामुळे ती करपात्र उत्पन्न असलेल्या उद्योजकालाच उपयोगी होती. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या व्यक्तीचा त्या तरतुदीशी संबंध येण्याचे कारण नव्हते.

विद्युत अधिनियम, २००३ : आधार आहे, व्याख्या नाही

१० जून २००३ पासून अमलात आलेल्या विद्युत अधिनियमाने १९१०, १९४८ आणि १९९८ या वर्षांचे तीन कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली. नवीकरणीय ऊर्जेला राष्ट्रीय कायद्याचा थेट आधार मिळाला तो या अधिनियमात. कलम ३ मध्ये राष्ट्रीय वीज धोरणाचा पाया म्हणून कोळसा, नैसर्गिक वायू, अणुइंधन व जलशक्ती यांच्या बरोबरीने नवीकरणीय स्रोतांचा उल्लेख आहे. कलम ६१ नुसार दर ठरविताना नियामक आयोगाने सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय स्रोतांपासूनची वीजनिर्मिती यांचे संवर्धन लक्षात घ्यावयाचे आहे. कलम ८६(१)(ई) हे सर्वांत महत्त्वाचे होय. त्यानुसार राज्य आयोगाने अशा विजेला जाळ्याशी जोडणी मिळवून द्यावी, तिच्या विक्रीची सोय करावी आणि वितरण परवानाधारकाच्या क्षेत्रातील एकूण वीजवापराच्या किती टक्के वीज अशा स्रोतांकडून घ्यावी हे ठरवून द्यावे.

ही तरतूद प्रभावी ठरली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ऑगस्ट २००२ मध्ये, म्हणजे या अधिनियमापूर्वीच, बगॅसवर आधारित सहवीजनिर्मितीसंबंधी आदेश दिला होता. २००६ मध्ये आयोगाने खरेदीचे प्रमाण निश्चित केले. २००६-०७ साठी ३ टक्के आणि प्रतिवर्षी एका टक्क्याने वाढत २००९-१० साठी ६ टक्के, असे ते होते. जानेवारी २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने १ एप्रिल २००६ पर्यंत सर्व राज्यांत असे प्रमाण लागू व्हावे, अशी मुदत घातली होती. १९९० च्या दशकात जे सल्ल्याने साधले नव्हते ते कायद्याच्या एका उपखंडाने साधले.

तथापि, या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील व्याख्यांच्या दीर्घ यादीत ‘नवीकरणीय ऊर्जास्रोत’ ही संज्ञा नाही. ‘जैवभार’ ही संज्ञाही नाही. ‘सहवीजनिर्मिती’ची व्याख्या आहे, एकाच प्रक्रियेत विजेसह दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जारूपे निर्माण करणे, असा तिचा आशय आहे. परंतु तीत इंधन कोणते असावे याविषयी मौन आहे. ग्रामीण भागातील स्वतंत्र वीजव्यवस्थेसंबंधीच्या चौथ्या कलमात ‘नवीकरणीय’ आणि ‘अपारंपरिक’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, पण त्यांतील फरक सांगितलेला नाही. यास केवळ अनवधान म्हणता येणार नाही. तंत्रज्ञान वेगाने बदलत असता संसदेने यादी कायम करू नये, या विचारास आधार आहे. परंतु मौनाचा परिणाम असा झाला की व्याख्येचा अधिकार प्रशासनाकडे गेला. जलविद्युत प्रकल्पांचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे. २५ मेगावॉटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय आणि त्याहून मोठा तसा नाही, ही रेषा प्रशासकीय होती. ८ मार्च २०१९ रोजी केंद्र शासनाने एका ज्ञापनाद्वारे मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ठरविले. अधिनियमातील एकही शब्द न बदलता त्याचा आवाका बदलला.

२००९ : एकाच वर्षातील दोन व्याख्या

जैवभाराची पहिली तपशीलवार राष्ट्रीय व्याख्या केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने सप्टेंबर २००९ मध्ये नवीकरणीय स्रोतांच्या वीजदरासंबंधी केलेल्या विनियमांत आढळते. शेती व वनीकरणाच्या कामातून उरणारे काड, धसकटे यांसारखे अवशेष. शेतमालावरील प्रक्रियेतून मिळणारी टरफले, तूस, पेंड. खास ऊर्जेसाठी केलेल्या लागवडीतील किंवा रानटी झुडपांपासून मिळविलेले लाकूड. आणि उद्योगांत उरणारे लाकूड, असा तिचा आशय आहे. शहरी घनकचऱ्याचा तिच्यात समावेश नाही. तो नवीकरणीय स्रोतांच्या यादीत स्वतंत्रपणे येतो. जनावरांच्या शेणाचाही तिच्यात उल्लेख नाही. बायोगॅसवरील वीज प्रकल्पांचा विचार आयोगाने २०१२ च्या विनियमांत केला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय जैवइंधन धोरण जाहीर केले. तेथे शेती, वने व संबंधित उद्योगांतील उत्पादने, कचरा आणि अवशेष यांचा जैवविघटनशील भाग, तसेच औद्योगिक व नागरी कचऱ्याचा जैवविघटनशील भाग म्हणजे जैवभार, अशी व्याख्या आहे. युरोपीय संघाने २००१ साली नवीकरणीय विजेसंबंधी काढलेल्या निर्देशातील व्याख्येशी तिचे निकट साम्य आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणातही हाच आशय कायम राहिला.

अशा प्रकारे एकाच देशात, एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने जैवभाराच्या दोन राष्ट्रीय व्याख्या झाल्या. नागरी कचरा एकीत आत होता, दुसरीत बाहेर होता. वीजदर ठरविणारी संस्था इंधनाचा खर्च मोजत होती. तिला काड आणि कचरा यांचे दर वेगळे मांडणे आवश्यक होते. जैवइंधन धोरणाला पेट्रोल व डिझेल यांना पर्याय शोधावयाचे होते. त्यास जास्तीत जास्त कच्चा माल कवेत घेणे सोयीचे होते. दोन्ही व्याख्या आपापल्या हेतूस योग्य होत्या; परंतु त्यांच्यावर उभे राहणारे एकसंध राष्ट्रीय धोरण नव्हते. जर्मनीने नवीकरणीय ऊर्जेच्या २००० सालच्या कायद्यास जोडून २००१ मध्ये जैवभारासंबंधी स्वतंत्र अध्यादेश काढला होता. कोणते पदार्थ जैवभार मानावेत आणि कोणते मानू नयेत, याच्या दोन्ही याद्या त्यात होत्या आणि मिश्र नागरी कचरा वगळलेल्यांत होता. भारतात अशी वर्ज्य यादी अधिनियमाच्या पातळीवर झाली नाही.

२००९ च्या विनियमांतील आणखी एक अट विचारात घेण्यासारखी आहे. जैवभार प्रकल्पाला वार्षिक एकूण इंधनाच्या १५ टक्क्यांपर्यंत जीवाश्म इंधन वापरण्याची मुभा होती. पीक हंगामी असते, पावसाळ्यात काड भिजते आणि गोळा करण्याची साखळी अपुरी असते, ही व्यावहारिक अडचण त्यामागे होती. म्हणजेच इंधनपुरवठ्याची समस्या आयोगाला ठाऊक होती. तिचा उपाय मात्र पुरवठादाराला बळ देण्यात नव्हे, तर कोळशाला मर्यादित प्रवेश देण्यात शोधला गेला.

‘आणि’ या शब्दावरचा वाद

व्याख्येच्या अभावी कलम ८६(१)(ई) मधील वाक्यरचनाच वादाचा विषय झाली. सहवीजनिर्मिती ‘आणि’ नवीकरणीय स्रोतांपासूनची वीजनिर्मिती यांचे संवर्धन करावे, असे कलम सांगते. येथे नवीकरणीय हे विशेषण दोहोंना लागू आहे की केवळ दुसऱ्याला? महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी हा प्रश्न देशपातळीवर नेला.

कल्याणनजीकच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉन या उद्योगाची सहवीजनिर्मिती कोळशावर होती. सहवीजनिर्मितीलाच कायद्याने संवर्धनयोग्य मानले असता आपल्यावर नवीकरणीय वीज खरेदीचे बंधन का, असा या पक्षाचा प्रश्न होता. विद्युत अपील न्यायाधिकरणाने २६ एप्रिल २०१० रोजी हा युक्तिवाद मान्य केला. सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय वीजनिर्मिती हे दोन स्वतंत्र वर्ग असून पहिल्यासाठी इंधनाचा प्रकार निर्णायक नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर लॉइड्स मेटल्स या चंद्रपूर जिल्ह्यात कारखाना असलेल्या उद्योगाच्या प्रकरणात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने आला : वितरण कंपनीने जीवाश्म इंधनावरील सहवीजनिर्मितीची वीज बंधनाच्या हिशेबात घ्यावी काय? २ डिसेंबर २०१३ रोजी न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने नकारार्थी उत्तर दिले. अशा सहवीजनिर्मितीचे संवर्धन इतर उपायांनी करता येईल. खरेदीची सक्ती मात्र नवीकरणीय स्रोतांपुरतीच आहे, असे ठरले. जानेवारी २०१६ च्या सुधारित दर धोरणाने त्यात भर घातली की नवीकरणीयेतर इंधनावरील सहवीजनिर्मिती या बंधनातून वगळली जाणार नाही.

दरम्यान, १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान झिंक विरुद्ध राजस्थान विद्युत नियामक आयोग या प्रकरणात स्वतःसाठी वीज निर्माण करणाऱ्या उद्योगांवरही हे बंधन घालता येते, असा निर्णय दिला. त्यासाठी न्यायालयाने संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा आणि ५१-अ (छ) मधील पर्यावरणरक्षणाच्या कर्तव्याचा आधार घेतला. नवीकरणीय ऊर्जेच्या आधाराला अशा रीतीने संविधानाचे बळ मिळाले.

या प्रकरणांतील पक्ष पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. उद्योग, वितरण कंपन्या आणि आयोग हे तिघे या वादांत आमनेसामने होते. इंधन पुरविणारा शेतकरी त्यांत कोठेच नव्हता, कारण त्याला कायद्याने कोणताही हक्क दिलेला नव्हता, म्हणून भांडण्यासाठीही काही नव्हते.

बगॅस आणि पऱ्हाटी : मालकीचा प्रश्न

याला एक अपवाद आहे आणि तो महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासाशी निगडित आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने ऊस उत्पादकाला कारखान्याचा सभासद केले. ऊस गाळल्यावर उरणारे चिपाड कारखान्यातच राहते. ते वेगळे गोळा करावे लागत नाही. त्यामुळे सहवीजनिर्मितीस हे इंधन सर्वांत अनुकूल ठरले. राज्याच्या जुलै २०१५ च्या धोरणात बगॅसवरील सहवीजनिर्मितीसाठी १००० मेगावॉट आणि इतर जैवभारासाठी ३०० मेगावॉट असे उद्दिष्ट ठेवण्यात आले, यावरून दोहोंमधील अंतर ध्यानात येते.

परंतु या चिपाडाची किंमत शेतकऱ्याला मिळावी काय? डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. साखर तसेच बगॅस, मळी आणि प्रेसमड या उपपदार्थांच्या एकत्रित उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, अथवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, असे समितीने सुचविले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१३ साली ऊसदर विनियमनाचा अधिनियम करून हे सूत्र स्वीकारले. जैवभाराच्या मूल्यात उत्पादकाचा वाटा असतो, ही गोष्ट येथे कायद्याने मान्य केली. विशेष म्हणजे ती ऊर्जाकायद्याने नव्हे, ऊसदराच्या कायद्याने मान्य केली.

कपाशीच्या पऱ्हाटीला असे भाग्य लाभले नाही. विदर्भ आणि मराठवाड्यात कापूस वेचून झाल्यावर उभी राहणारी पऱ्हाटी उपटणे, वाळविणे आणि वाहून नेणे या प्रत्येक टप्प्यावर श्रम लागतात. केंद्रीय आयोगाने जैवभाराचे राज्यनिहाय प्रतिटन भाव ठरविले, परंतु ते वीजदर काढण्यासाठीचे गृहीत भाव होते. तेवढी रक्कम शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे असे बंधन त्यांत नव्हते. वीज ठरलेल्या दराने विकण्याची हमी प्रकल्पाला होती. पऱ्हाटी विकण्याची हमी कोणालाच नव्हती.

वनांच्या बाबतीत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड आणि बुंधे यांचा स्पष्ट समावेश असून त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. तीन वर्षांनी झालेल्या वीजदर विनियमांत रानटी झुडपांपासून मिळविलेले लाकूड हे जैवभार ठरते. एका कायद्यात जे कोणाचे तरी आहे, ते दुसऱ्या नियमात केवळ इंधन आहे. दोहोंची सांगड घालणारी तरतूद वीजकायद्यात आढळत नाही.

‘बिगर-जीवाश्म’ : नवे नाव, जुना प्रश्न

२०१५ मध्ये नवीकरणीय ऊर्जेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिनियमाचा मसुदा केंद्रीय मंत्रालयाने चर्चेसाठी प्रसिद्ध केला. तो संसदेत संमत झाला नाही. त्याऐवजी दुसरी वाट घेतली गेली. १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियम, २०२२ ने ठरावीक मोठ्या ग्राहकांवर ‘बिगर-जीवाश्म’ स्रोतांच्या किमान वापराचे बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. विधेयकाच्या उद्देशांच्या निवेदनात हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, जैवभार आणि इथेनॉल यांचा उल्लेख होता. वीज नसलेल्या रूपातही जैवभाराचा विचार येथे झाला, ही प्रगती म्हणावी लागेल. मात्र ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेत २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के असे प्रमाण ठरविताना पवन, जल आणि विकेंद्रित ऊर्जा यांना स्वतंत्र स्थान मिळाले. जैवभारावरील वीज ‘इतर’ या गटात मोठ्या सौर प्रकल्पांच्या शेजारी बसली. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे सौर विजेचा दर प्रतियुनिट २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला होता. इंधन विकत घ्यावे लागणाऱ्या प्रकल्पाने अशा विजेशी दरात स्पर्धा करणे अशक्यप्राय आहे. याउलट २०१६ च्या दर धोरणाने नागरी कचऱ्यापासूनची सर्व वीज वितरण कंपन्यांनी घ्यावी असे ठरविले होते. शहराच्या कचऱ्याला जी हमी मिळाली ती शेतातील काडाला मिळाली नाही.

काडाला मागणी निर्माण करण्याचा प्रयत्न निराळ्या कारणाने झाला. उत्तर भारतात भाताचे काड जाळल्याने होणाऱ्या प्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभार मिसळणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये या धोरणाचे वेळापत्रक सुधारण्यात आले. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय राजधानी क्षेत्र व लगतच्या भागांत काड जाळणाऱ्या शेतकऱ्यांवरील भरपाईची रक्कम नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट होऊन पाच एकरांहून अधिक जमीन असणाऱ्यांसाठी ३०,००० रुपये झाली. शेतात जळाले तर काड हा अपराधाचा विषय आणि बॉयलरमध्ये जळाले तर ते नवीकरणीय इंधन, असा हा न्याय आहे. काड तेच राहते. बदलते ते जळण्याचे ठिकाण आणि त्याबरोबर फायद्याचा धनी.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, भारताच्या राष्ट्रीय कायद्याने नवीकरणीय ऊर्जेला २००३ पासून ठोस आधार दिला आणि न्यायालयांनी तो बळकट केला. या आधाराशिवाय जैवभारावरील वीजनिर्मिती सल्ल्याच्या पातळीवरच राहिली असती. दुसरी अशी की, अधिनियमाने व्याख्या न केल्यामुळे ती विनियम, धोरणे, ज्ञापने आणि निवाडे यांतून तुकड्यातुकड्यांनी घडली. त्यामुळे लवचीकता लाभली, परंतु विसंगतीही आली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, या सर्व व्याख्या वस्तू आणि तंत्र यांच्या आहेत, संबंधांच्या नाहीत. सूर्य व वारा यांच्यासाठी तेवढे पुरते. जैवभारासाठी पुरत नाही, कारण तेथे इंधनाला उत्पादक आहे.

केवळ व्याख्या एकसमान केल्याने हा दोष दूर होणार नाही. ऊसदराच्या २०१३ च्या अधिनियमाने दाखविल्याप्रमाणे उपपदार्थाच्या मूल्यात उत्पादकाचा वाटा कायद्याने ठरविता येतो. वीजदरात गृहीत धरलेला इंधनभाव प्रत्यक्ष पुरवठादाराला मिळण्याचे बंधन, वनहक्क अधिनियमाशी सुसंगत अशी खरेदीची अट आणि चुलीसाठी लागणाऱ्या सरपणाला प्राधान्य या तीन बाबी जैवभारविषयक कोणत्याही भावी कायद्यात विचारात घ्याव्या लागतील. १९७४ च्या अहवालातील ‘बिगर-व्यापारी’ या शब्दापासून २०२२ च्या ‘बिगर-जीवाश्म’ या शब्दापर्यंतची प्रत्येक संज्ञा हे इंधन काय नाही किंवा कोणत्या गटात बसते एवढेच सांगते. ते कोणाचे आहे, या प्रश्नाचे उत्तर ऊर्जाकायद्याने अद्याप द्यावयाचे आहे.